शिसवी फणी

कृष्णाकाठी, वाईच्या आमच्या आजोळच्या वाड्यात, होळीची राख थंड झाली की आजी माजघराच्या कोनाड्यातून जी शिसवी फणी काढी, ती एका बाजूचे दात झिजल्यामुळे मुलींच्या वेणीफणीतून वगळलेली आणि केवळ भाटीच्या, म्हणजे घरातल्या मांजरीच्या, अंगावरून फिरवण्यासाठी राखून ठेवलेली अशी होती. दुधात केस आढळला तर अवघे पातेले ओतून देणाऱ्या त्या घरात मांजराला स्वयंपाकघराची मनाई मात्र कधीच नव्हती. धान्याच्या कणग्यांचा बंदोबस्त त्याच्यावाचून होणे शक्य नव्हते, आणि म्हणून ऋतुपालटात गळणाऱ्या केसांची तजवीज करणे आजी आपले कर्तव्य समजे. दुपारची निजानीज झाल्यावर ओसरीवर भाटीला मांडीशी घेऊन ती मानेपासून शेपटीकडे, केसांच्या वळणानेच, फणी फिरवी. पोटाकडे हात जाताच भाटीची शेपूट आपटू लागली की फणी खाली ठेवी आणि त्या दिवसापुरते काम तेथेच संपे. जबरदस्तीचा लवलेश त्या व्यवहारात नसे.

उष्म्याने केस गळतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः मांजराच्या देहातला ऋतूंचा हिशेब मुख्यत्वे प्रकाशावर चालतो. रात्र जितकी दीर्घ, तितका अधिक काळ मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवते. वसंतात रात्री आखूड होऊ लागल्या की हा क्रम पालटतो आणि हिवाळ्यासाठी धरलेली आतली मऊ, दाट लव सुटू लागते. शरदातही केसांची अशी अदलाबदल पुन्हा एकदा होते. लंडनला हिवाळ्यातला दिवस ८ तासांहूनही लहान आणि उन्हाळ्यातला साडेसोळा तासांहून मोठा. मुंबईस मात्र तो सुमारे ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यानच राहतो, त्यामुळे आपल्याकडे हा पालट सौम्य असतो. तरीही वाड्यात, जेथे दिवेलागणीनंतर कंदिलाखेरीज उजेड नव्हता, भाटीचा चैत्र स्पष्ट ओळखू येई. पुढे नोकरीनिमित्त मी गिरगावातील चाळीत बिऱ्हाड केले, तेव्हा आजीच्या भांड्यांबरोबर ती फणीही माझ्याकडे आली. पण मध्यरात्रीपर्यंत विजेचा दिवा जळणाऱ्या त्या खोलीत आमच्या मनीचे केस कोणत्याही महिन्याची वाट न पाहता बारमाही थोडेथोडे गळत राहिले, आणि फणीला कोनाड्यात परत जाण्याची सवड मिळाली नाही.

मांजर स्वतःचे अंग अखंड साफ करीत असते, मग मनुष्याने त्यात हात घालावा कशाला, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर मांजराच्या जिभेतच आहे. तिच्यावरील केराटिनचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे सुटलेला केस मांजराला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात, उरलेल्यांचा जठरात गोळा होतो आणि तो ओकून टाकावा लागतो. क्वचित तो आतड्यात अडकतो. पुन्हा पुन्हा उमळे येऊनही काही पडत नसेल आणि जनावराने अन्न सोडले असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्य गाठला पाहिजे. २०१८ साली अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी दाखवून दिले की, या काट्यांच्या टोकांशी सूक्ष्म पोकळी असते आणि तीतून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते. त्याच धर्तीवर त्यांनी एक फणीही तयार केली. ही वार्ता वाचून मला अपार आनंद झाला, कारण जिभेचा भार हलका करणे हेच तर आजीच्या फणीचेही प्रयोजन होते. जो केस दातांत आला, तो पोटात गेला नाही.

मनीच्या उत्तरवयात फणीचे काम पालटले. सांध्यांच्या विकाराने तिला कंबर वळवता येईना, पाठीच्या मागल्या भागापर्यंत जीभ पोचेना, आणि तेथे केसांच्या जटा होऊ लागल्या. जटेला कात्री कदापि लावू नये. मांजराची त्वचा पातळ असून ती केसांबरोबर वर उचलली जाते. मुळाशी बोटांनी केस धरून, ओढ कातडीला लागू न देता, जट टोकाकडून उकलावी. मांजर आपले दुखणे विलक्षण निग्रहाने लपवते, आणि म्हणून डोळ्यांना जे दिसत नाही ते फणी धरलेल्या हाताला आधी कळते. पिसवांची काळी कणी, रोडावलेला कणा, आणि एके दिवशी जबड्याखाली लागलेली वाटाण्याएवढी गाठ ही सारी मला तशीच कळली. गाठ वेळीच काढली गेली.

आता आमच्या इमारतीत लांब केसांची पर्शियन मांजरे आली आहेत, आणि एप्रिल उजाडला की त्यांना गारवा वाटावा म्हणून अंगभर केस भादरून आणण्याची प्रथा रूढ होत आहे. तिला माझा विरोध आहे. ते आवरण उन्हापासूनही रक्षण करते. पांढऱ्या कानांवर, जेथे केस विरळ असतात, तेथे उन्हाने त्वचा पोळते आणि कालांतराने कर्करोगही उद्भवू शकतो. जटा उकलण्यापलीकडे गेल्या असतील तर पशुवैद्याने केस उतरवणे निराळे. निरोगी मांजराला सावली, पाणी आणि रोजची विंचरणी पुरते. शेजारच्या वहिनींनी हे मनावर घेतले, याचे मला समाधान आहे. शिसवी फणीचे दात त्यांच्या मांजरीच्या केसांना फार दाट पडतात, म्हणून मी त्यांना विरळ दातांची पोलादी फणी आणून दिली, आणि पहिले काही दिवस केवळ गाल व मान विंचरावी, पोटाला हात लावू नये, असे बजावले आहे.