कासवीची दृष्टी आणि गप्पी

संतकाव्य शिकवताना कासवीची दृष्टी आम्ही दोघांनीही वर्षानुवर्षे वर्गात समजावून दिली आहे: ती पिलांना पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते. भाईंदरच्या घरात गप्पीची मादी व्याली तेव्हा दिसली ती दुसरीच दृष्टी. अंडी घालणे नाही. पिले थेट पाण्यात पडतात, क्षणात उलगडतात, पोहू लागतात. आई वळते, पाहते आणि गिळते. पहिल्या खेपेची तीनच उरली.

सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा वेळ आली. या खेपेस हायड्रिलाची दाट जुडी टाकीत सोडली; पिलांना दडायला जागा झाली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून चिमूटभर द्यायचा. जास्त झाला की पाणी नासते (आमचे एकदा नासले). मधल्या काळात नर मेला. आता संपले, असे वाटले. पण मादी व्यातच राहिली! नराचे बीज ती महिनोन्‌महिने पोटात जपून ठेवते, हे आम्हांला उशिरा कळले.

पिले साठावर गेली आहेत. शेजारी म्हणतात, नाल्यात सोडा, डास खातील. डासांसाठीच हा दक्षिण अमेरिकेतला मासा १९०८ साली भारतात आणला गेला. परंतु तो इथल्या माशांची अंडीही सोडत नाही. म्हणून नाला नको, यावर आमचे एकमत आहे.

जुडी काढून घ्यावी, संख्या आपोआप आवरेल, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे. मादीचे पोट पुन्हा चौकोनी दिसू लागले आहे. जुडी अजून टाकीतच आहे.