बर्फाच्या गावातली पडवी

रमजानातल्या दर शनिवारी आमच्याकडे इफ्तारला तीस-चाळीस माणसं येतात. म्हणजे साठ ते ऐंशी बूट. हा हिशोब मी आधी कधी केला नव्हता, कारण आठ-दहा वर्षांपूर्वी रमजान जून-जुलैत यायचा. रात्री नऊच्या सुमारास रोजा सुटायचा, मागच्या हिरवळीवर चटया अंथरल्या की झालं. चपला गवतात. पण चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. बघता बघता आमचा रमजान उन्हाळ्यातून निघून मार्चपर्यंत आला, आणि पुढची काही वर्षं तो ऐन बर्फातच असणार आहे. आम्ही राहतो ते बफेलो शहराच्या दक्षिणेचं एक उपनगर, न्यूयॉर्क राज्याच्या पार पश्चिम टोकाला. इथे मार्चमध्ये प्रत्येक बुटाला चिखल, बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ चिकटलेलं असतं. ते ऐंशी बूट ठेवायचे कुठे?

पडवीची गरज अशी बुटांपासून सुरू झाली. पण खरं सांगायचं तर बूट हे निमित्त. पडवी हवी होती अम्मीसाठी.

त्याआधी एक चूक करून झाली होती. २०२२च्या उन्हाळ्यात एका मोठ्या दुकानातून चारशे डॉलरचा तंबूवजा मंडप आणला. पातळ लोखंडी पाय, वर कापड, चारही बाजूंनी जाळी. दिसायला छान. ऑक्टोबर संपला तरी मी तो काढला नाही, ‘अजून थंडी कुठे आहे’ म्हणत राहिले. १७ नोव्हेंबरला बर्फ पडायला लागला. इथला बर्फ साधा नसतो. ईरी सरोवर नैऋत्य-ईशान्य असं लांबट पसरलेलं आहे. कॅनडाकडचा गार वारा त्या लांबीवरून वाहत येतो तेव्हा सरोवराचं पाणी अजून कोमट असतं. वारा वाफ उचलतो आणि किनारा लागला की एका अरुंद पट्ट्यात सगळी ओतून मोकळा होतो. त्या पट्ट्याखाली तुमचं घर आलं की संपलं. दहा मैलांवर उत्तरेला लोक गवत बघत चहा पीत असतात. त्या खेपेला आमच्या भागातल्या ऑर्चर्ड पार्कला ८० इंचांची नोंद झाली, म्हणजे साडेसहा फूट. मंडप कधी कोसळला ते कळलंही नाही. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर हिरवळीवर मेलेल्या कोळ्यासारखे त्याचे वाकडे पाय सापडले.

पुढच्या वर्षी अम्मी आली. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरलं होतं, त्यानंतर वर्षभरात अब्बा गेले, आणि भावाची नोकरी दुबईत. एकटी कशी राहणार? मी हट्टाने घेऊन आले. तिला मी त्या मंडपाची गोष्ट हसत हसत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, “अगं, मांडव मिरगाआधी काढायचा असतो, एवढं विसरलीस?”

मी खरंच विसरले होते. कोकणात पावसाळा सरला की अंगणात मांडव पडतो. पोफळीचे खांब, वर झावळ्या. त्याखाली आमसुलं वाळतात, लग्नं लागतात, दुपारची झोप होते. आणि मे संपता संपता तो उतरवून ठेवतात. पडवीचं छप्पर मात्र बारमाही, त्याला कौलं आणि जाड वासे. सावली वेगळी, छप्पर वेगळं, हे कोकणातल्या पोरालाही कळतं. इथल्या दुकानात दोन्ही एकाच रांगेत, एकाच नावाखाली विकायला असतात.

जानेवारी २०२४. मागच्या दाराची पायरी. दिवसा उन्हाने छपरावरचं बर्फ वितळून पागोळ्या गळतात आणि रात्री पायरीवर त्याची काच होते. फजरच्या नमाजनंतर अम्मीला दार उघडून बाहेर बघायची सवय. त्या दिवशी तिने एक पाऊल बाहेर टाकलं. मनगट मोडलं. हाड जुळलं दोन महिन्यांत. पण त्यानंतर तिने दार उघडणंच सोडलं. खिडकीशी खुर्ची टाकून तसबीह घेऊन बसायची. एकदा जावयाला म्हणाली, “तुमच्या घरात सगळं आहे, बाहेर बसायला जागा तेवढी नाही. माझं तिकीट बघा.” चिपळूणचं घर बंद होतं, तिथे तिला बघणारं कोणी नव्हतं. तरी तिने ‘तिकीट’ म्हटल्यापासून आम्ही दोघं धास्तावलो.

मग आम्ही कंपन्यांना बोलावलं. पहिल्या विक्रेत्याने टॅब्लेटवर चित्र दाखवलं. ॲल्युमिनियमचा मंडप, बटण दाबलं की वरच्या पट्ट्या उघडतात-मिटतात. किंमत १९ हजार डॉलर. आमच्याकडे साठवलेले सात हजार होते. तो म्हणाला, काळजी नको, महिना अमुक भरा, पाच वर्षं. व्याज किती, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. आम्ही नको म्हटलं. व्याजावर पडवी बांधायची नाही, एवढं ठरलं. (घर कर्जावर आहे ना, असं एका मैत्रिणीने लगेच विचारलं. आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एक खड्डा आहे म्हणून शेजारी दुसरा खणायचा का?) नाहीतरी त्या विक्रेत्याने मला एका गोष्टीचं उत्तर दिलं नव्हतं. बर्फाचं वजन किती पेलेल, असं विचारलं तर म्हणाला, “खूप.”

हा ‘खूप’ मला झोपू देईना. मी शाळेत गणित शिकवते, आकड्याशिवाय माझं समाधान होत नाही. म्हणून नगराच्या बांधकाम खात्यात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. प्रत्येक भागासाठी जमिनीवरच्या बर्फाच्या भाराचा एक आकडा ठरलेला असतो. आमच्यासाठी त्यांनी चौरस फुटाला ५० पाऊंड सांगितला. छपरावर साधारण त्याच्या सत्तर टक्के धरतात, म्हणजे ३५ पाऊंड, जवळपास १६ किलो. आमची पडवी दहा बाय चौदा, म्हणजे १४० चौरस फूट. गुणाकार करा: सव्वादोन टनांच्या आसपास. तीन मारुती ८०० छपरावर उभ्या केल्यासारखं.

आणि बर्फ बर्फात फरक. भुसभुशीत ताजा बर्फ फूटभर साचला तरी चौरस फुटाला पाच पाऊंडांच्या आसपास भरतो. तोच दबून जुना झाला की चार इंचांत तेवढं वजन. आणि गोठून नुसता बर्फाचा थर झाला तर एका इंचात. म्हणून ‘फक्त चार इंच तर आहे’ म्हणण्यात अर्थ नसतो. मार्चमध्ये त्यावर पाऊस पडला की बर्फ ते पाणी शोषून घेतो, वजन वाढतं आणि उंची उलट कमी दिसते. कोकणात शंभर इंचांवर पाऊस पडतो, पण पडला की वाहून जातो. बर्फ बसून राहतो.

हे कळल्यावर पर्याय भराभर गळाले. भिंतीतून बाहेर येणारी कापडी छत्री, ताणून बांधायचं त्रिकोणी कापड: हे सगळे मांडवच, नोव्हेंबरआधी उतरवायचे. उन्हापुरते हवे असतील तर जरूर घ्या, स्वस्त आहेत. तयार जोडणीचे ॲल्युमिनियमचे स्वस्त संच पाहिले. एकाच्या कागदावर भारक्षमता १० पाऊंड, दुसऱ्याच्या २०. तेच संच ऊबदार राज्यांत चालत असतील, आमच्याकडे नाहीत. जाड पत्र्याचे, ३५-४० पेलणारे संच मिळतात, पण किंमत पुन्हा पंधरा हजारांच्या घरात. वाचणाऱ्यांना एकच सांगेन: आधी आपल्या गावचा आकडा विचारा, मग दुकानात जा, आणि खोक्यावर आकडाच छापलेला नसेल तर ते खोकं उचलूच नका.

शेवटी लाकडाचा सांगाडा आणि वर पत्रा, एवढंच उरलं. म्हणजे आमच्या आजोळच्या गोठ्याचं छप्पर.

बांधणार कोण? इथून तासाभरावर कॅटरॉगस जिल्ह्यात आमिश लोकांची वस्ती आहे. घरात वीज नाही, स्वतः गाडी चालवत नाहीत, आपसात जुन्या वळणाची जर्मन बोली बोलतात. शेतीबरोबर सुतारकाम करतात, आणि पत्र्याची छपरं घालण्यात त्यांचा हात धरणारा नाही. ‘रविवारी विक्री नाही’ अशी पाटी लावलेल्या एका अंगणात आम्ही शनिवारी जाऊन उभे राहिलो. पुढच्या आठवड्यात तिथला मिस्त्री भाड्याच्या गाडीतून ड्रायव्हरला घेऊन आला. लांब दाढी, मिशी साफ, काळी हॅट, नजर खाली. अम्मी पडद्याआडून बघत होती. मला आत बोलावून हळूच विचारते, “कुठल्या जमातीचा हा?” त्याच्या घरच्या बायका डोक्यावरून कापड घेतात, व्याजाच्या जाहिराती लावत नाही, हे सांगितल्यावर तिने चहात वेलची टाकली.

त्याने टेप न काढता आधी घराला एक चक्कर मारली. तोवर सगळ्यांनी पडवी मागच्या बाजूला काढली होती, कारण तिथे काँक्रीटची फरशी आयती होती. तो म्हणाला, तिथे नको. एक तर घराच्या छपराचा उतार त्याच बाजूला, म्हणजे वरचा सगळा बर्फ घसरून पडवीवर कोसळणार. दुसरं, आमचं घर बैठं. वळचणीची उंची आठ फूट. पत्र्याला फुटाला तीन इंच तरी उतार हवा. दहा फुटांत अडीच फूट उतरलो तर पुढचा माणूस वाकून चालेल. त्याने बोट दाखवलं ते स्वयंपाकघराच्या दाराकडे, घराच्या बाजूच्या त्रिकोणी भिंतीकडे. तिथे वरून बर्फ घसरत नाही, आणि भिंत उंच असल्याने साडेदहा फुटांवरून सुरुवात करता येते. समोर बाग नाही, शेजाऱ्याचं गॅरेज. पण ती दक्षिण बाजू. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, ऊन थेट आत येतं.

विक्रेत्यांपैकी कोणीच सूर्य विचारला नव्हता.

आमचं एकदाच भांडण झालं, स्क्रूवरून. आपल्याकडे पत्रा ठोकताना खिळा किंवा हूक नेहमी उंचवट्यावर, खाली डांबरी वायसर. खोबणीत भोक पाडणाऱ्याला मालक हाकलून देईल, कारण पाणी खोबणीतून वाहतं. हा मिस्त्री सपाट भागात स्क्रू पिळत होता. मी धावत बाहेर गेले. त्याने काम थांबवलं, एक स्क्रू माझ्या हातावर ठेवला. डोक्याखाली जाड रबरी वायसर. म्हणाला, सपाट भागात पत्रा लाकडाला पूर्ण टेकतो, म्हणून वायसर घट्ट बसतो. उंचवट्यावर खाली पोकळी, बर्फाच्या वजनाने पत्रा दबतो आणि स्क्रू ढिला होतो. पटलं. पण अम्मीला अजून पटलेलं नाही.

खांबांसाठी साडेतीन फूट खोल खड्डे खणले. इथे हिवाळ्यात जमीन तेवढी गोठते, आणि गोठताना मातीतलं पाणी फुगून उथळ पाया वर उचलतं. दोन-तीन हिवाळ्यांत खांब वाकडे होतात. लाकूड औषध मुरवलेलं, आणि त्या औषधात तांबं असल्याने साधे खिळे गंजतात म्हणून सगळं जस्ताच्या जाड मुलाम्याचं. भिंतीलगतची आडवी फळी खिळ्यांनी न ठोकता बोल्टने कसली. भिंतीशी वारा बर्फाचा ढीग लावतोच, त्यासाठी वासे सोळा-सोळा इंचांवर घेतले. पत्र्याने स्वयंपाकघर काळोखं होईल ही माझी तक्रार होती. त्याने मधले दोन पत्रे त्याच नळीचे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे घातले आणि त्यांच्याखाली रिपा जवळ आणल्या. अम्मी खाली उभी राहून वर बघत म्हणाली, “काचेचं कौल.” चिपळूणच्या माजघरात चुलीच्या वर एक होतं. अब्बा दर मे महिन्यात शिडी लावून ते पुसायचे.

सगळे मिळून ६ हजार ८०० डॉलर झाले. परवान्याचे पैसे वेगळे. रंग मी आणि नवऱ्याने दिला, तो तसा दिसतोही.

डिसेंबरातल्या पहिल्या मोठ्या बर्फानंतर दुपारी एकदम धडाड आवाज झाला. पत्र्यावरचा सगळा थर एका दमात घसरून खाली आला होता. अम्मी खुर्चीतून उठलीच. तिला वाटलं नारळ पडला. त्या बाजूला आता कोणी गाडी लावत नाही, मुलांनाही तिथे खेळू देत नाही.

२०२५चा रमजान मार्चच्या पहिल्या दिवशी, शनिवारीच सुरू झाला. सहाच्या सुमाराला रोजा सुटला. पडवीत दोन्ही भिंतींना फळ्या टाकल्या होत्या, त्यावर बुटांच्या रांगा. घरात एक थेंब चिखल आला नाही. कोणीतरी विचारलं, आंटी कुठे? अम्मी बाहेर बुटांच्या रांगेशेजारी शाल गुंडाळून बसली होती, हातात खजूर, समोर शेजाऱ्याचं गॅरेज. आत चल म्हटलं तर म्हणाली, “थांब, जरा हवा खाते.” तिकिटाचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही. मीही काढत नाही.

फक्त एका गोष्टीवरून ती अजून कुरकुरते. पत्र्याला पन्हळ का नाही? मिस्त्रीने मुद्दाम लावली नाही, घसरणारा बर्फ ती उखडून नेतो म्हणून. अम्मी म्हणते, पन्हळीशिवाय छप्पर म्हणजे काय. एप्रिल लागला की कोपऱ्यातल्या पागोळीखाली ती बादली ठेवते, आणि भरली की कुंडीतल्या पुदिन्याला घालते.