वेरूळचा खांब आणि सासूबाईंचा फोटो

वेरूळला मी दोनदा गेले. पहिल्यांदा सासूबाईंना घेऊन, १९८६ च्या दिवाळीनंतर. दुसऱ्यांदा गेल्या हिवाळ्यात, सुनेबरोबर. मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली. दोन्ही वेळा कॅमेरा एकच होता, ह्यांनी हौसेनं घेतलेला रिळाचा जपानी कॅमेरा. ही हकिगत जितकी वेरूळची, तितकीच त्या कॅमेऱ्याची.

पहिल्या सहलीआधी ह्यांनी कॅमेरा एका दुकानात साफ करायला दिला होता. व्ह्यूफाइंडरमध्ये धुळीचे कण दिसत, एवढीच तक्रार. कॅमेरा चकचकीत होऊन आला आणि आम्ही तेव्हाच्या औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) निघालो. तिथून वेरूळ तीसएक किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, पण सासूबाईंचं लक्ष त्यात नव्हतं. "आधी घृष्णेश्वर, मग तुमची लेणी," असा त्यांचा हुकूम. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं ते लाल दगडाचं देऊळ पाहून त्या तृप्त झाल्या.

कैलास लेण्याच्या अंगणात मात्र त्या थबकल्याच. "हे सगळं एकाच दगडातलं?" त्यांनी तीनदा विचारलं. खरंच, विश्वास बसत नाही. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरत आणला आणि आतून देऊळ काढलं. पाया आधी नाही, कळस आधी! अंगणात दोन उंच ध्वजस्तंभ आहेत. त्यांतल्या एकापासून चार पावलं पुढे सासूबाई नऊवारीचा पदर सारखा करून उभ्या राहिल्या. एरवी फोटो म्हटला की तोंड फिरवणाऱ्या त्या स्वतःहून म्हणाल्या, "काढ गं एक."

ह्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला होता. मी रिंग फिरवून चेहरा स्पष्ट करून घेतला आणि बटण दाबलं. तिथेच आणखी सहा-सात फोटो काढले.

रीळ धुऊन आलं तेव्हा सासूबाईंचा एकही चेहरा धड नव्हता. डोळे, कुंकू, नथ, सगळं पुसट. "हात हलला असणार," हे म्हणाले. दीर हसून म्हणाले, "वहिनींच्या हाती पाटा-वरवंटा शोभतो." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या श्रावणात त्या गेल्या. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधला, तर चांगला एकही नाही. एका लग्नाच्या घोळक्यातला चेहरा मोठा करून घ्यावा लागला. त्यानंतर मी त्या कॅमेऱ्याला हात लावला नाही.

गेल्या वर्षी सुनेनं कपाट आवरताना तो बाहेर काढला. आजकालच्या मुलींना रिळाची भारी हौस! छत्तीस फोटोंचं नवं रीळ घालून ती म्हणाली, "आई, वेरूळला जाऊ या."

यावेळी आम्ही दुपार साधली. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन उतरू लागलं की दर्शनी भाग उजळतो. आधी कडेच्या पाऊलवाटेनं डोंगरावर चढलो. वरून मंडपाचं छप्पर दिसतं, त्यावर कोरलेलं कमळ आणि चार सिंह. सून कॅमेरा डोळ्याला लावून रिंग फिरवत राहिली. "आई, रिंग शेवटपर्यंत गेली, तरी शिखर अंधुकच."

मला चटकन आठवलं. त्याही वेळी इथून असंच दिसलं होतं. मी समजले होते, हवेत धूळ असेल.

आधी तिच्या डोळ्यांवर संशय घेतला. मग मी चष्मा लावून पाहिलं, तसंच अंधुक. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हे. भिंगाच्या कडेला थोडी बुरशी होती, पण बुरशीनं चित्र फिकं, दुधाळ होतं. फोकसची जागा सरकत नाही. कारण व्ह्यूफाइंडरमधून पाच-सहा मीटरवरची झुडपं अगदी लख्ख दिसत होती.

"डोळ्यावर विश्वास नको, आकड्यांवर ठेवू," सून म्हणाली. भिंगाच्या रिंगेवर अंतराचे आकडे असतात. खाली अंगणात आलो. माझ्या पर्समध्ये शिवणाची साठ इंची टेप असतेच! दोन टेपा म्हणजे तीन मीटर. कॅमेऱ्याच्या डोक्यावर आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं. ती फिल्मची जागा. तिथून माझ्या नाकापर्यंत अंतर मोजलं, रिंग तीनवर ठेवली, अॅपर्चर आठवर. आजूबाजूचे लोक बघत होते, बघेनात का! मी त्याच खांबापुढे, त्याच जागी उभी राहिले.

घरी आल्यावर मी जुना आल्बम उघडला आणि आयुष्यात प्रथमच सासूबाईंच्या चेहऱ्याऐवजी त्यांच्या मागे पाहिलं. खांबावरची नक्षी रेघ न् रेघ स्पष्ट होती! डोंगरावरून काढलेले दूरचे फोटोही लख्ख. हात हलला असता, तर खांबही पुसट आला असता.

मग रीळ संपल्यावर खरी परीक्षा केली. रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून फिल्मच्या जागी भरतकामाचा ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला. शटर 'बी'वर ठेवून बटण दाबून धरलं, अॅपर्चर पूर्ण उघडलं, डोक्यावर काळी ओढणी घेतली आणि दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. कागदावर टाकी उलटी उमटली, पण शिडीच्या पायऱ्या मोजून घ्या! व्ह्यूफाइंडरमध्ये तीच टाकी धूसर.

उलगडा झाला. अशा कॅमेऱ्यात आरसा चित्र वरच्या दुधी काचेवर टाकतो आणि आपण ते पाहतो. भिंगापासून ती काच आणि फिल्म अगदी सारख्या अंतरावर असावी लागतात. धूळ काढताना काच नीट बसवली गेली नव्हती. चूक अर्धा मिलिमीटरही नसेल, नखाच्या जाडीएवढी. पण तेवढ्यानं फोकस सासूबाईंना सोडून खांबावर गेला. आता एका जाणत्या कारागिरानं ती काच पुन्हा बसवून दिली.

तुमच्याकडेही जुना कॅमेरा असेल तर एवढं लक्षात ठेवा. फोटो पुसट आला की आधी त्यात दुसरं काही स्पष्ट आहे का ते पाहा. असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं असेल तर हात हलला. कागदाच्या परीक्षेत, रिंग शेवटपर्यंत फिरवूनही दूरची वस्तू कागदावर पुसटच राहिली, तर दोष भिंगाचा. कागदावर स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमध्ये पुसट, तर काचेचा किंवा आरशाचा. दुरुस्तीहून आलेला कॅमेरा सहलीआधी घरी तपासून घ्या. आणि वेरूळला मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.

नवा फोटो आला. माझ्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. ह्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "तुझा हात हलला नव्हता गं." चाळीस वर्षांनी का होईना!

सासूबाईंचा तो पुसट फोटो मी आता चौकटीत बसवला आहे. चेहरा नाही दिसत, पण पदर सारखा करून उभं राहण्याची ऐट दिसते.