एक बागलकोट, तीन वस्त्या

बेळगावहून यरगट्टी, लोकापूर करत बागलकोटला उतरलं की रिक्षावाला आधी विचारतो, "अक्कार, हळे ऊरो, नवनगरो?" मध्ये विद्यागिरी आहेच. नाव एक आणि वस्त्या तीन, असं हे गाव. पाहुण्याकडे जायचं तर पेठेचं नाव सांगून भागत नाही, सेक्टर नंबर लागतो.

कारण अलमट्टी. कृष्णेवरच्या या धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये बसवली. पुढे पाणी तुंबणार ते घटप्रभेच्या पात्रातून बागलकोटपर्यंत मागे येणार, हे ठरलेलंच होतं. म्हणून नवं शहर वसवायचं झालं आणि त्याचा आराखडा चार्ल्स कोरिया या नामांकित वास्तुरचनाकारांनी केला. नवनगरचे रस्ते रुंद आहेत, झाडं चांगली वाढली आहेत. ज्यांनी जुन्या गावातल्या अंधाऱ्या बोळांत संसार केले, त्यांना इथली मोकळी हवा नक्कीच बरी वाटली असेल. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण खरेदीला अजून जुन्या गावातच जावंसं वाटतं. गुळेदगुड्डचे खण, इलकलची लुगडी बघावीत तर त्या जुन्या पेठेत. होळीला पेठापेठांतून जी हलगी घुमते (हलगी आपलीही आणि त्यांचीही) ती या ओण्यांचीच. आपण गल्ली म्हणतो, ते ओणी म्हणतात. सेक्टरला मात्र दोन्ही भाषांत शब्द नाही.

घराची भरपाई मोजता येते. इतके खण, इतक्या भिंती, इतके रुपये. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं काय? मालकाला पैसे मिळतात, भाडेकरूला निरोप. ओणीतल्या पन्नास घरांवर ज्याचं दुकान चालायचं, ती घरं तीन दिशांना पांगली तर त्याचं दुकान पाण्याखाली न जाताही बुडतं. शेजारणीच्या भरवशावर मूल सोडून कामाला जाणारी बाई नव्या जागी मूल कुणाकडे ठेवणार? हे सगळं आधी, काम सुरू होण्यापूर्वी, लोकांना विचारून मोजायचं, याला सामाजिक परिणाम मूल्यांकन म्हणतात. जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल चेर्निया यांनी विस्थापितांना गरिबीत ढकलणारे आठ धोके मांडले. त्यात जमीन, काम आणि घर जाणं आहेच, पण गायरानासारख्या सामाईक गोष्टी जाणं आणि माणसांचं जाळं तुटणं हेही आहे.

अलमट्टीच्या आखणीच्या काळी असं काही कायद्यात नव्हतं. कृष्णेच्या या प्रकल्पात पुनर्वसन नीट होत नाही म्हणून जागतिक बँकेने १९९२ मध्ये कर्जाचे हप्ते रोखले, १९९५ मध्ये पुन्हा. म्हणजे हिशेब झाला, पण भिंत निम्मीअधिक उभी राहिल्यावर.

तासाभराच्या अंतरावर कूडलसंगम आहे. इथे पाणी नारायणपूर धरणाचं. बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ बुडू नये म्हणून भोवती विहिरीसारखी भिंत बांधली आहे. पुलावरून जायचं आणि पायऱ्या उतरून खाली दर्शन घ्यायचं. चहूकडे पाणी आणि आत कोरडी जागा! तिथे उभं राहिलं की कळतं, सरकारने मनावर घेतलं तर काय काय वाचवता येतं.

अलमट्टीची गोष्ट संपलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ५१९.६ मीटरपर्यंत मान्यता दिली, तर दुसऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरची. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या नातेवाइकांना उंची म्हटलं की २००५ आणि २०१९ चे पूर आठवतात, तो वाद वेगळा. इकडच्या काठावर आणखी सुमारे ७५ हजार एकर जमीन पाण्याखाली जाणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्यासाठी एकरी दर ठरवले, बागायतीला ४० लाख, जिरायतीला ३० लाख. दर चांगला आहे. पण तो एकराचा आहे, आणि ज्याच्याकडे एकर नाही त्याचं काय हा जुना प्रश्न तसाच राहतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. तीन वर्षं त्या गावात राबून पोट भरणारा शेतमजूर, कूळ, कारागीर हेही बाधित कुटुंबच, असं त्यात लिहिलं आहे. सामाजिक मूल्यांकन सहा महिन्यांत पुरं करायचं, अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीत आणि तहसील कचेरीत ठेवायचा, हेही आहे. मात्र त्याच कायद्यात एक पळवाट आहे. ज्या पाटबंधारे प्रकल्पाला पर्यावरण मूल्यांकन करावं लागतं, त्याला ही सामाजिक मूल्यांकनाची कलमं लागू नाहीत. धरणांनीच सर्वाधिक माणसं उठवली आणि नेमकी सूटही त्यांनाच!

तेव्हा अशा प्रकल्पात उरते ती पर्यावरण खात्याच्या २००६ च्या अधिसूचनेखालची जनसुनावणी. तिची जाहिरात किमान तीस दिवस आधी स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते, म्हणजे इथे कानडीत. घरातल्या आजीला ती वाचता येत नसेल तर नातवाने वाचून दाखवावी. आणि सुनावणीला गेलात तर भाषणं झाली म्हणून उठू नका. कोण काय बोललं याची नोंद शेवटी सर्वांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा नियम आहे. आपलं म्हणणं त्यात आलं की नाही, ते तेव्हाच कळतं.