कोरा रकाना

आबा १९८७ साली फौजेत भरती झाले. त्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या काळ्या ट्रंकेत मिळाला. उंची, वजन, छाती, नजर, दात. त्याखाली पूर्वीच्या आजारांचा रकाना, आणि तो कोरा. ‘नाही’ एवढंसुद्धा कुणी लिहिलेलं नव्हतं. मी तो कागद बाजूला ठेवला आणि कामाची कागदपत्रं शोधत बसले. तोच सगळ्यात कामाचा आहे, हे कळायला मला तीन महिने लागले.

१९९९ मध्ये आबांना फिटच्या आजारामुळे घरी पाठवलं. मेडिकल बोर्डाने अपंगत्व २० टक्के लावलं आणि खाली एक ओळ लिहिली: सेवेशी संबंध नाही, शरीरप्रकृतीतलाच विकार. अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घराघरांत फौजी. तरी आबांनी हे कुणाला सांगितलं नाही. गोळी लागून आलेल्याचा मान वेगळा, झोपेत तोंडाला फेस येणाऱ्याचा वेगळा.

मी वकील नाही, शाळेत शिकवते. त्या पेन्शनसाठी अर्ज करायचा म्हणून रात्री वह्या तपासून झाल्या की निकाल वाचायचे. पहिला हाती लागला तो सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१३ चा, धरमवीर सिंग यांचा. सिग्नल्समधला जवान, १९८५ मध्ये भरती, १९९४ मध्ये बाहेर, आजार फिटचा, अपंगत्व २० टक्के. वाचताना हात थांबला. आमच्याच घरातलं कुणीतरी दुसऱ्या नावाने लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

त्या निकालात १९८२ च्या नियमांचा अर्थ उलगडून सांगितला आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं. नंतर आजारामुळे त्याला काढलं, तर तो आजार नोकरीत जडला असं मानायचं. हा आजार तपासणीत ओळखूच येण्यासारखा नव्हता असं डॉक्टरांचं म्हणणं असेल, तर त्याची कारणं त्यांनी लिहून द्यायची. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही. शंका उरली तर फायदा त्याचा.

मी उठून ट्रंक उघडली. कोरा रकाना. मग बोर्डाचा कागद उलटसुलट पाहिला. मत होतं, कारण कुठेच नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती आत गेली आणि कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आली. जुनी, कोपरे कुरतडलेली वर्षं. दुधाच्या हिशेबाशेजारी लाल फुल्या. आबांना फिट आली ती प्रत्येक तारीख. काही फुल्यांना गोल केलेला. ‘तेव्हा जीभ चावली होती,’ ती म्हणाली. एवढी वर्षं ती हा पुरावा राखत होती, कुणीतरी विचारेल म्हणून. कायद्याच्या लेखी त्या फुल्यांना फारसं वजन नाही, हे तिला सांगणं माझ्याच्याने होईना. मी त्यांचीही यादी केली आणि अर्जाला जोडली.

आपल्या बाजूचे निकाल वाचून भागत नाही. २०१९ चा नरसिंग यादव यांचा निकाल वाचला त्या रात्री झोप आली नाही. त्यांचा आजार स्किझोफ्रेनियाचा. असा मनोविकार भरतीच्या तपासणीत कळून येईलच असं नाही, असं म्हणत न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. समोरची बाजू आबांच्या फिटबद्दल हेच म्हणेल. त्याला उत्तर एकच, बोर्डाच्या कागदावर न लिहिलेलं कारण. ते मी वहीत तीनदा लिहून काढलं. पण तो निकाल मला परका वाटला नाही. त्याही घरात कुणीतरी तारखा मोजल्या असतील.

तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाने उशिराची भीती घालवली. दर महिन्याला न मिळणारी पेन्शन हा चालू राहणारा अन्याय, म्हणून वर्षं उलटली तरी दार बंद नाही. मात्र थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची. म्हणजे दादाचं कॉलेज सुटलं, आईची पाटली मोडली, ती वर्षं हिशेबाबाहेर. दावा मान्य झाला तर २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरलं जाईल, ही आशा आहे. ती गेलेली वर्षं मात्र मला कुठल्याच आकड्यात बसवता येत नाहीत.

मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणाकडे जायचा अर्ज तयार झाला तेव्हा आबांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. धरमवीर सिंग यांचं नाव आलं तसं त्यांनी हात वर केला.

‘त्याला आता बरं आहे का गं?’

मी निकालाची पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली. त्यांच्या पेन्शनचा आदेश होता, नियमांचे क्रमांक होते.

‘ते यात नाही, आबा.’

‘अस्सं,’ ते म्हणाले, आणि सही करायला चष्मा मागितला.