विझवता येईल ते आधी

28 मार्च 2001. श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही पहिल्यांदाच उडणार होतं. उलटी मोजणी संपायला पाचेक सेकंद उरले तशी कडेची चार द्रव इंधनाची इंजिनं पेटली, धुराचा लोट उठला, आणि यान जागचं हललंच नाही. चारांतल्या एकानं पुरेसा जोर धरला नव्हता. संगणकानं ते हेरलं आणि चारही बंद केली. द्रव इंधनाची झडप मिटली की आग विझते. मधला घन इंधनाचा टप्पा मात्र पेटला की जळून संपेपर्यंत ऐकत नाही, म्हणूनच त्याची पाळी शेवटी होती. तीन आठवड्यांनी, 18 एप्रिलला, यान उडालं.

अमेरिकेच्या स्पेस शटलची रीतही हीच होती. तिन्ही मुख्य इंजिनं शून्याच्या 6.6 सेकंद आधी पेटत, तीही 0.12 सेकंदांच्या अंतरानं, तिन्हींचा हिसका एकदम बसू नये म्हणून. ती एका अंगाला असल्यानं अख्खा डोलारा झुकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, आणि नेमके तेव्हा घन बूस्टर पेटायचे. 1984 ते 1994 या काळात पाच वेळा इंजिनं पेटूनही शटल जमिनीवरच थांबलं. अंतराळवीर आत पट्टे बांधून बसलेले.

शाळेच्या भिंतीवर ‘हाती घ्याल ते तडीस न्या’ वाचत वाढलेल्या आपल्याला हे जरा खटकतं. आपल्याकडे आधी लग्नाचा हॉल ठरतो, पत्रिका वाटल्या जातात. मुलामुलीचं धड बोलणं मग सावकाश.

पण चांद्रयान-3 घेऊन निघालेल्या एलव्हीएम3 नं 14 जुलै 2023 ला हा क्रमच फिरवला. आधी दोन घन बूस्टर पेटले. द्रव इंजिनं पेटली ती 108 सेकंदांनी, आभाळात. उचलायला बूस्टर पुरेसे होते, द्रव इंधन वरच्या प्रवासासाठी राखलेलं. ही इंजिनं ‘विकास’ घराण्यातली, 2001 साली जे इंजिन अडून बसलं होतं त्याच घराण्यातली. त्यांना ठिणगीही लागत नाही. दोन रसायनं भेटली की पेट घेतात. मधल्या वर्षांत महेंद्रगिरीच्या चाचणीमंचावर आणि उड्डाणामागून उड्डाणात त्यांनी पत कमावली होती. जमिनीवर पेटवून बघण्याची सवलत सोडायची, तर पदरी एवढी पुंजी हवी. ती जमेपर्यंत विझवता येईल ते आधी पेटवावं.