वरच्या मजल्यावरचा आवाज आणि पोलीस ठाण्याची पायरी

चिरंजीव भाच्यास,


पत्रास कारण की, शेजारच्या आवाजावरून पोलिसांना बोलवावे की नाही, हा प्रश्न भिवंडीतल्या कामतघरासारख्या वस्तीत नुसता कायद्याचा राहत नाही. ज्यांच्याशी एकाच जिन्यावर आणि एकाच पाण्याच्या टाकीवर रोजची गाठ आहे, त्यांच्याशी उद्या कोणत्या तोंडाने बोलायचे, हाही त्याचाच भाग असतो. चिरंजीवांनी मात्र त्याचा निकाल मध्यरात्री एका झटक्यात लावला: ११२ फिरवला, पलीकडून विचारणा होताच फोन ठेवला आणि ताईची काठी घेऊन छत बडवले. फोन लावला याचे मामाला काही वाटले नाही, तो ठेवला याचेही नाही. काठीचे मात्र फार वाईट वाटले, कारण हात उगारल्याने काय होते हे आपल्या घरात तरी कोणाला नव्याने सांगावे लागू नये.

कायदा काय म्हणतो असे चिरंजीवांनी विचारले आहे, तेव्हा ते आधी सांगणे योग्य. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, औद्योगिक क्षेत्रात ती अनुक्रमे ७५ आणि ७० आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ हा काळ. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक होय. मात्र त्याची मोजपट्टी साध्या बेरजेची नाही, १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणून ४५ च्या जागी ६५ झाले तर ‘थोडेसेच वाढले’ असे म्हणता येत नाही. खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असाही नियम आहे. उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ते १२ या वेळेत ध्वनिक्षेपकाला सवलत देऊ शकते, आणि ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरवली. परंतु कोणाच्या घरची हळद किंवा वाढदिवस म्हणजे असा दिवस नव्हे. तेव्हा कायदा चिरंजीवांच्या बाजूने आहे, याविषयी शंका नसावी.

परंतु कायदा बाजूने असणे आणि झोप मिळणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. भिवंडीत नकाशावरचे निवासी क्षेत्र आणि प्रत्यक्ष वस्ती यांचा मेळ फार पूर्वीच सुटला आहे. खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाडे, हे येथे कोणाला नवल वाटत नाही. जुन्या पद्धतीच्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी टोकाशी आदळतो. असे अनेक माग एका गाळ्यात चालू लागले की आतला आवाज ९० डेसिबलच्या पलीकडे जातो. त्या खटखटीत चिरंजीवांचे बालपण गेले आणि परीक्षेचा अभ्यासही झाला. मग आताच झोप का मोडते? कारण एका लयीत अखंड चालणाऱ्या आवाजाकडे मन हळूहळू दुर्लक्ष करायला शिकते. मध्येच सुरू होणारा, मध्येच थांबणारा आणि पुन्हा धडकणारा आवाज मात्र त्याला सोडत नाही, आणि स्पीकरचा खालच्या पट्टीतला ठोका, ज्याला मुले ‘बेस’ म्हणतात, तो भिंत आणि स्लॅब यांना कंप देत थेट उशीपर्यंत पोहोचतो. चांगल्या झोपेसाठी शयनगृहातला अखंड आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूत्रांत म्हटले आहे. त्रास खरा आहे. ताईचा रक्तदाब उगाच चढलेला नाही.

आता एक गोष्ट चिरंजीवांनी शांतपणे ऐकावी. वरच्या खोलीत राहणारी मुले मागावर बारा तासांची पाळी करतात, असे चिरंजीवांनीच बोलता बोलता सांगितले आणि लगेच पुढच्या तक्रारीकडे वळले. खरे तर सगळे तेथेच अडले आहे. वर्षानुवर्षे मागाशेजारी उभे राहणाऱ्याच्या कानाची शक्ती हळूहळू उतरते. त्याला वैद्यकात ध्वनिजन्य श्रवणदोष म्हणतात, आणि ज्या व्यवसायजन्य रोगांची सूचना देणे कायद्याने बंधनकारक आहे त्यांच्या यादीत त्याचा समावेश आहे. ज्याचा कान असा उतरू लागला आहे तो गाण्याचा आवाज चढवतो, कारण त्याला तो तेवढाच ऐकू येतो, आणि पाळी संपल्यावर त्याच्या वाट्याला येणारा मोकळा वेळ हा नेमका इतरांच्या झोपेचा असतो. यामुळे त्याचा आवाज क्षम्य ठरत नाही. पण तो मुद्दाम छळतो आहे ही चिरंजीवांची खात्री तरी डळमळली पाहिजे. त्या मुलांपैकी एकाचे तरी नाव चिरंजीवांना ठाऊक आहे काय? इतके महिने एकाच जिन्याने चढउतार करून नाव ठाऊक नसेल, तर तक्रार अर्जात ‘वरचे भाडेकरू’ असे लिहिताना हात थोडा अडखळायला हवा.

तरीही पोलिसांत गेल्यास काय होते, हे माहीत असावे. ११२ वर तक्रार नोंदली की जवळच्या ठाण्याचे कर्मचारी येतात, दार ठोठावतात, आवाज कमी होतो. बहुतेक प्रकरणे येथेच थांबतात आणि काही दुसऱ्याच रात्री पुन्हा सुरू होतात. लेखी तक्रार दिल्यास ती बहुधा अदखलपात्र म्हणून नोंदली जाते, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. बोलीभाषेत तिला ‘एनसी’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. वाद वाढून शांतताभंगाची भीती निर्माण झाली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली हमीपत्र लिहून घेण्याची कारवाई होऊ शकते. ठाण्यात तिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात, आणि तीत तक्रारदारालाही समोरच्या बाजूला उभे राहण्याची पाळी येऊ शकते. छत बडवणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे.

न्यायालयांनी नागरिकाला एकटे सोडलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाबाबत सविस्तर आदेश दिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना त्याच न्यायालयाने, तक्रारदाराची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी आणि ती कळलीच तर समोरच्याला सांगू नये, असे बजावले. ध्वनिक्षेपकाच्या तक्रारीत हा मोठाच आधार आहे. पण ज्या चार मजली इमारतीत छतावर काठी आपटली गेली आहे, तेथे तक्रार कोणी केली हे वरच्यांपासून न्यायालयाने लपवून काय लपणार?

मामाचे जे म्हणणे गेली कित्येक वर्षे घरात सर्वांनी ऐकून सोडून दिले आहे, ते येथे पुन्हा मांडल्यावाचून राहवत नाही. हे शहर ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटले आणि मे १९८४ मध्ये पुन्हा पेटले. पहिल्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. पुढे १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मोहल्ला समिती म्हणजे त्या त्या वस्तीतील हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांच्या साध्यासुध्या माणसांनी आणि तेथे नेमलेल्या पोलिसाने नियमित एकत्र बसण्याची व्यवस्था. तिच्यापुढे मोठे प्रश्न येण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे किरकोळ तंटे येऊ लागले, आणि त्यामुळे माणसे एकमेकांना आणि पोलीस माणसांना ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ते कसे घडले यावर खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिले, आणि मुंबईनेही दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची वाट धरली. शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्याही मुळाशी तंटा गावातच मिटावा हाच विचार होता. शहरे दंगलीच्या दिवशी पेटत नाहीत. आधी वर्षानुवर्षे जिन्यात अबोला साचतो, आणि त्या दिवशी फक्त कोणीतरी काडी लावतो. म्हणून प्रत्येक इमारतीत अशी एक समिती असावी, तिच्यात मालकांइतकेच भाडेकरू असावेत आणि तिने महिन्यातून एकदा बसावे, ही मागणी मामा मरेपर्यंत सोडणार नाही.

म्हणूनच इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर चिरंजीवांनी टाकलेला संदेश वाचून जीव कासावीस झाला. त्यात आवाजाबद्दल एक ओळ आणि त्या मुलांच्या मुलखाबद्दल तीन ओळी होत्या. शिकल्यासवरलेल्या माणसाने, त्यातही पद्मानगरात तेलुगू शेजाऱ्यांच्या घरी जेवून वाढलेल्याने, असे लिहावे? तो संदेश आजच काढून टाकावा, आणि ज्यांनी त्यावर अंगठे उंचावले त्यांनाही तसे कळवावे.

करायचे ते असे. सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी, चिरंजीवांनी वर जावे. सोबत ताईने जावे, काठी घरी ठेवून. आवाज किती वाजता, कसा खाली येतो, हे सांगावे आणि जमल्यास त्यांच्यापैकी एकाला खाली आणून त्याच खोलीत उभे करून तो ऐकवावा. दहानंतर स्पीकर जमिनीवरून उचलून खाली जाड गोधडीची घडी घालावी, बेस कमी करावा, नाहीतर कानाला हेडफोन लावावा, इतके मागणे फार नाही. नाहीच ऐकले तर तारीख आणि वेळ वहीत टिपून सोसायटीच्या सचिवाकडे आणि खोलीच्या मालकाकडे लेखी अर्ज द्यावा; इतर सभासदांना उपद्रव होईल असे वागू नये, हे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच आहे. त्यानेही भागले नाही तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि वर जाऊन तसे सांगूनही यावे. तेव्हा कोणीही चिरंजीवांना बोल लावणार नाही.

मात्र या क्रमाला अपवाद आहेत, आणि ते तोंडपाठ असावेत. कोणी धमकी दिली, हत्यार दाखवले, दारूच्या भरात दारावर लाथा घातल्या, तर ११२. आणि भिंतीपलीकडून बाईच्या किंवा लेकराच्या मार खाण्याचा आवाज आला, तर तो शेजाऱ्याचा ‘गोंगाट’ नव्हे. तेथे समिती नाही, सचिव नाही, उद्याची वाट पाहणे नाही, त्याच क्षणी ११२, मुलासाठी १०९८, महिलेसाठी १८१. आयुष्यभर तंटे घरात मिटवा म्हणणाऱ्या मामाचेही याबाबत दुसरे मत नाही. असाच आवाज येणाऱ्या तळमजल्यावरच्या घराचे काय झाले, हे ताईला विचारावे. त्या वेळी सारा जिना गप्प बसला होता.

लिहिण्यासारखे अजून पुष्कळ आहे, पण काळजी वेगळीच आहे. चिरंजीव आवाज नसलेल्या रात्रीही तो आता सुरू होईल म्हणून जागे असतात, आणि सकाळी तसेच मोटारसायकल काढून अंजूर फाट्याच्या ट्रकांच्या गर्दीत शिरतात, असे ताई म्हणाली. हे चालणार नाही. वरची मुले ऐकतील तेव्हा ऐकतील. तोवर आठवडाभर आतल्या खोलीत निजावे, कामावर रिक्षाने जावे आणि ताईचा रक्तदाब शनिवारपर्यंत डॉक्टरांना दाखवून त्याचे आकडे कळवावेत. वर जाऊन आल्यावर काय झाले तेही लिहावे, आणि सर्वांत आधी त्या मुलांची नावे लिहावीत.

मामा